कन्सेप्टाच्या नावची वाढ

मॅलकी टूही कुलनामोना गावच्या दूध संघातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला तेव्हा संघानं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते पहिल्याच आठवड्यात बंद पडलं. पुढे वयाची अट पुरी झाली आणि सरकारी पेन्शन सुरू झाली. ती मात्र बंद पडली नाही. शहाण्या माणसानं इथं थांबून परसात बटाटे लावले असते. मॅलकीनंही लावले होते. पण एके सकाळी तो त्यातलं तण उपटत असताना कुंपणापलीकडून फिंटन कॅसिडीनं मान वर काढली, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

फिंटन म्हणजे शेजारी. सरकारी योजनांचा त्याचा अभ्यास दांडगा होता. त्यातली एकही योजना आजवर त्याच्या वाट्याला आली नव्हती, त्यामुळे त्याचा सल्ला निःस्वार्थी असतो असं गावात मानलं जाई.

"बायकोची वाढ घेतलीस का रे?" त्यानं विचारलं.

"कसली वाढ?"

"घ्या! हेडक्लार्क म्हणे! अरे, पेन्शन तुझी. पण बायको तुझ्या जिवावर जगते म्हणून वर तिच्यापोटी आणखी देतात. दर आठवड्याला. अर्ज करणाऱ्याला, बरं का. आपणहून कोण सांगतंय?"

मॅलकीनं टाय सारखा केला. तो बटाट्यांतही टाय लावून जात असे. "मला सरकारपुढे हात पसरायची सवय नाही," तो म्हणाला.

त्याची बायको कन्सेप्टा दोरीवर चादरी वाळत घालत होती. तिनं तोंडातला चिमटा काढला. "फिंटन, ही वाढ देतात कुणाच्या हातात?"

"तुझ्याच की! तुझ्या नावानं येते. शुक्रवारी पोस्टात जायचं, सही करायची, उचलायची. मॅलकीचा काही संबंध नाही."

कन्सेप्टानं हातातला चिमटा दोरीला लावला. मुलं लहान होती तेव्हा मुलांचा भत्ता तिच्या नावानं यायचा. धाकटी नर्स होऊन ऑस्ट्रेलियाला गेली त्यालाही आता जमाना झाला होता. तेव्हापासून पोस्टाच्या खिडकीनं कन्सेप्टाच्या हातात तिकिटांशिवाय काही ठेवलं नव्हतं. मॅलकी कंजूष होता असं कुणी म्हणणार नाही. दर शुक्रवारी तो पगाराचं पाकीट न उघडता स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवी. तिला कधी मागावं लागलं नव्हतं. पण ते त्याचं पाकीट होतं, आणि इतकी वर्षं ती ते कपाटावरून उचलत आली होती, ही गोष्ट काही बदलत नव्हती.

"मॅलकी," ती म्हणाली, "फॉर्म आण." आणि उरलेल्या चादरी तशाच टोपलीत ठेवून घरात गेली.

फॉर्म आला. मॅलकीनं तो जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि पेनाचं टोपण अशा थाटात काढलं की जणू देशाचा अर्थसंकल्प मांडायचा आहे. पहिल्याच पानावर तो अडला.

"काय झालं?" कन्सेप्टानं विचारलं.

"काही नाही. तुझा उल्लेख... जरा वेगळा केलाय."

"वाच."

"आश्रित जोडीदार."

कन्सेप्टा त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरत होती. ती थांबली. "कोण आश्रित?"

"तू. म्हणजे मी नाही म्हणत. सरकार म्हणतंय."

"तुझे मोजे कुठल्या खणात असतात रे?"

मॅलकी विचारात पडला. लग्न झाल्यापासून हा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नव्हता.

"भर पुढे," ती म्हणाली. "कागदाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

महिन्याभरानं पेन्शन खात्याचं उत्तर आलं. आश्रित जोडीदाराचं उत्पन्न, शिल्लक आणि मालमत्ता यांची खात्री करायला अधिकारी घरी येतील आणि त्यानंतरच वाढीचा निर्णय होईल. मॅलकीला हे वाक्य फार लागलं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या दुधात पाणी किती ते तपासलं होतं. आता कुणीतरी त्याच्या घरात येऊन त्याची बायको पुरेशी गरीब आहे का ते तपासणार होतं. त्यात ती गरीब ठरली तर नामुष्की, आणि नाही ठरली तर वाढ नाही.

फिंटननं पत्र दोनदा वाचलं आणि चेहरा लांब केला. "सगळं बघतात हे लोक. पलीकडच्या गावात एका बाईची वाढ बदकांपायी गेली."

"बदकांपायी?"

"जोडी होती. अधिकाऱ्यानं विचारलं, ही कुणाची? बाई भाबडी. म्हणाली, माझी. संपलं! तुझ्या कोंबड्या कुणाच्या?"

कोंबड्या कन्सेप्टाच्या होत्या. त्या त्याच संध्याकाळी फिंटनच्या परसात गेल्या. मग मॅलकीच्या डोळ्यांत नवा टीव्ही खुपू लागला. ऑस्ट्रेलियावाल्या लेकीनं आईच्या वाढदिवसाला पाठवलेला, म्हणजे नातं जोडलं तर कन्सेप्टाचाच. तो रस्त्याच्या वळणावर राहणाऱ्या अट्रॅक्टा मुल्व्हीकडे न्यायचं ठरलं. अट्रॅक्टा विधवा होती, मनानं हळवी होती आणि तिच्याकडे जागा होती.

इकडे घरात वेगळंच चाललं होतं. कन्सेप्टानं दर्शनी भिंत पांढऱ्या रंगानं रंगवायला काढली होती. मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, करायला चर्चचे फादर आपल्या घरी यायचे असले की या भागातल्या बायका जे करतात ते सगळं तिनं आरंभलं होतं. रंग, पडदे, पितळेची घासपूस, शिवाय बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्यांवरची कापडं काढणं. त्या खुर्च्यांवर तीन कार्डिनल बसले असते तरी चाललं असतं, मॅलकी बसलेला चालत नसे.

"अगं, ते अधिकारी आपली ऐपत बघायला येतायत!" मॅलकी कळवळून म्हणाला. "घर कसं हवं? साधं! जरा केविलवाणं!"

"माझ्या घरात परकं माणूस येणार आणि मी केविलवाणी दिसू? मेले तरी नाही."

हे शब्द तिनं सहज काढले होते. पुढे ते सगळ्यांना आठवले.

तर मॅलकी ढकलगाडीत टीव्ही घालून, वर पोतं झाकून अट्रॅक्टाकडे गेला. अट्रॅक्टानं टीव्ही उतरवून घेतला आणि रिकाम्या गाडीत आपला सोनेरी काठाचा चहाचा सेट पेंढ्यात गुंडाळून ठेवला. तो कन्सेप्टानं आदल्या दिवशीच मागून ठेवला होता. घरातली श्रीमंती लपवायला निघालेला माणूस दुसऱ्याची श्रीमंती ढकलत घरी आला, आणि चढावर त्याला दमही लागला.

आता राहिली शेवटची तजवीज. फिंटन म्हणाला, "परकं कुणी विचारत आलं तर तोंड उघडायचं नाही, एवढं सगळ्यांना सांगून ठेवू." खरं तर कुलनामोनात हे सांगावं लागत नाही. इथं घरांना नंबर नाहीत, पाटी लावणं आगाऊपणाचं समजतात, आणि अख्ख्या वस्तीचा पत्ता एकच. घर शोधायचं तर विचारावंच लागतं. आणि स्वच्छ गाडीतून, मांडीवर फाइल घेऊन कुणी काही विचारू लागलं की इथला माणूस आधी आभाळाकडे बघतो आणि मग हवेबद्दल बोलतो. ही रीत पिढ्यानपिढ्यांची आहे आणि तिच्यात दुष्टावा अजिबात नाही.

कन्सेप्टा रोज ऍपल टार्ट करून वाट बघू लागली. अधिकारी येईना. टार्ट मॅलकी खाई. एक आठवडा गेला, दुसरा गेला, मॅलकीचा पट्टा एक भोक पुढे सरकला. आणि मग खात्याचं पत्र आलं.

मॅलकीनं ते वाचलं आणि खुर्चीत बसला. बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत. कन्सेप्टा ओरडणार होती, पण त्याचा चेहरा बघून तिनंच पत्र ओढून घेतलं.

'प्रिय श्री. टूही,' पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या पत्नीच्या निधनाबद्दल खातं मनापासून शोक व्यक्त करतं. मृत जोडीदारापोटी वाढ देता येत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.'

कन्सेप्टानं ते दोनदा वाचलं. "मनापासून म्हणतायत," ती म्हणाली. "बरी माणसं दिसतात."

तासाभरात फिंटन आणि अट्रॅक्टा स्वयंपाकघरात हजर झाले. अधिकारी येऊन गेली होती, हे तेव्हा कळलं. मिस डेव्हानी नावाची तरुण मुलगी, लाल गाडी.

"मला भेटली ना," फिंटन म्हणाला. "टूही कुठं राहतात म्हणाली. मी म्हटलं, टूही? तळ्यापलीकडे असायचे बुवा कुणी टूही. दिवसभर तळ्याभोवती फिरली बिचारी. काय लपवलं तुला!"

"आणि मी मेले असं कोण म्हणालं?" कन्सेप्टानं विचारलं.

अट्रॅक्टानं रुमाल काढला. "ती माझ्या दारात आली, कन्सेप्टा. तळ्यावरून आलेली, बूट चिखलानं भरलेले. कन्सेप्टा टूहीची ऐपत कशी काय आहे म्हणाली. मी घाबरले. आत तुझा टीव्ही चालू होता! मी म्हटलं, जिवंत माणसाकडे काहीही निघू शकतं. मेलेल्या बाईला कसली आलीय मालमत्ता? म्हणून मी म्हटलं, गेली हो आमची कन्सेप्टा, देव तिला सद्गती देवो. आणि एकदा म्हटल्यावर मला खरंच रडू आलं. तुझे गुण आठवले. ती पोरगी पण रडली."

"कुठले गुण?"

"सगळेच गं."

मॅलकीला वाटलं, आता कन्सेप्टा हसेल. मोठ्या घोळांवर ती हसत असे. ती हसली नाही. तिनं चहाचे कप उचलले, धुतले, पुसले आणि मग पाठमोरीच म्हणाली, "नवरी म्हणून आले त्या दिवसापासून मी या गावात आहे. तुमच्या प्रत्येकाच्या घरी जन्माला नि मरणाला माझ्या हातचा ब्रेड आलाय. आणि एक परकी मुलगी दारोदार विचारत फिरली, तर कन्सेप्टा इथं राहते असं म्हणायला एक माणूस निघाला नाही."

"प्रेमानंच केलं गं!" अट्रॅक्टा म्हणाली.

"ठाऊक आहे. म्हणून तर भांडता पण येत नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं बस धरून जिल्ह्याच्या गावी, खात्याच्या ऑफिसात गेली. मॅलकीनं दूध संघाच्या सभांना घालायचा सूट घातला होता. खिडकीपलीकडे एक गृहस्थ होते, अत्यंत सौम्य. मॅलकी अशा सौम्यपणाला ओळखून होता. आंबलेलं दूध परत करताना तो स्वतः तोच वापरत असे.

"माझी पत्नी मेलेली नाही," त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं. रांगेतले लोक वळले. "ही बघा."

गृहस्थांनी कन्सेप्टाकडे पाहून नम्रपणे मान लववली. "आनंद वाटला. हयातीचं आपण आत्ताच दुरुस्त करू. मात्र या बाई आपल्या घरी राहतात, याचा काही कागद? विजेचं बिल?"

विजेचं बिल मॅलकीच्या नावाचं होतं. टेलिफोनही, घराचा विमाही. बँकेचं खातं मॅलकीचं, चर्चच्या वर्गणीचं पाकीट मॅलकीच्या नावचं. ते ती दर रविवारी स्वतःच्या हातानं ताटात टाकत असे. मॅलकी पिशवीतून कागद काढत राहिला आणि काढता काढता त्याचा हात मंदावत गेला. या माणसानं आयुष्यभर कागदांवरच पोट भरलं होतं, आणि आपल्या घरातल्या एकाही कागदावर आपली बायको नाही हे त्याला आज कळत होतं.

"तिला कृषी प्रदर्शनात पहिलं बक्षीस आहे," तो एकदम म्हणाला. "सोडा ब्रेडसाठी. गावाच्या नावासकट छापलंय." आणि त्यानं पिशवीच्या तळातून फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्रक काढलं.

गृहस्थांनी ते उजेडात धरलं. "सुंदर आहे. पण यावर लिहिलंय, श्रीमती एम. टूही."

"एम म्हणजे मॅलकी," कन्सेप्टा म्हणाली. "ब्रेड मी केला होता."

गृहस्थांनी प्रशस्तिपत्रक जपून परत केलं. मिस डेव्हानी पुन्हा येतील आणि शेजाऱ्यांकडे खात्री करतील, एवढं त्यांनी लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये मॅलकीला काहीतरी बोलायचं होतं. ते जमेना, म्हणून तो हवेबद्दल बोलला. कन्सेप्टानं हो म्हटलं.

या खेपेला मॅलकी स्वतः घरोघर गेला. टोपी हातात घेऊन सांगितलं, बाबांनो, ती मुलगी आली की खरं बोला. हे गावाला नवीन होतं, त्यामुळे गावानं ते अतिरेकानं केलं. लाल गाडी चर्चपाशी दिसताच फिंटन ट्रॅक्टर घेऊन पुढे झाला आणि वाजतगाजत तिला फाटकापर्यंत घेऊन आला. मागून अर्धी वस्ती. मिस डेव्हानी गाडीतून उतरायच्या आत खिडकीशी साक्षी सुरू झाल्या.

"इथंच राहते! रोज दिसते!"

"हिच्यासारखी बाई जिल्ह्यात नाही, मिस. हिच्या टार्टवर चर्चचं छप्पर झालं!"

"हॉटेल काढलं असतं तर आज लखपती असती!" फिंटन ट्रॅक्टरवरून ओरडला.

लखपती हा शब्द ऐकून मॅलकीला घाम फुटला. तेवढ्यात अट्रॅक्टा खरं बोलायच्या भरात टीव्हीच ढकलगाडीतून घेऊन आली. "हाही हिचाच आहे, मिस! मी लपवला होता! आणि त्या दिवशी मी खोटं बोलले, ही मेलेली नाही!" तिच्यामागून फिंटनच्या परसातल्या कोंबड्या घर ओळखून आपोआप आल्या.

मिस डेव्हानीनं सगळीकडे बघून घेतलं. मग ती आत आली, सोनेरी काठाच्या कपातून चहा प्यायली, आधी दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा टार्ट घेतलं, आणि म्हणाली, "टीव्ही आणि कपबशा आम्ही मोजत नाही, मिसेस टूही. कोंबड्यांची अंडी विकता?"

"देते. विकत नाही."

"मग त्याही नाहीत."

मॅलकीनं खिडकीबाहेरच्या फिंटनकडे पाहिलं. फिंटननं आभाळाकडे पाहिलं.

"स्वतःचं काही उत्पन्न? तुमच्या नावावर शिल्लक, शेत, दुसरं घर?"

"नाही."

"कधीच नव्हतं?"

"लग्नाआधी शिंप्याकडे कामाला होते. मग लग्न झालं."

मिस डेव्हानीनं लिहिलं. मग तिनं पेन खाली ठेवलं. "शेवटचं विचारावंच लागतं, रागावू नका. तुम्ही मिस्टर टूहींवर अवलंबून आहात?"

कन्सेप्टानं मॅलकीकडे पाहिलं. त्याचा टाय एका बाजूला गेला होता. तिनं उठून तो सरळ केला, परत येऊन बसली आणि म्हणाली, "लिही बाई. कागदापुरतं लिही."

मॅलकीनं मान खाली घातली. त्याला लाज वाटली, आणि ती लाज ऐपतीची नव्हती.

वाढ मंजूर झाली. पहिल्या शुक्रवारी कन्सेप्टानं रविवारचा कोट घातला आणि मॅलकीला बजावलं, "पोस्टात आत यायचं नाहीस. तुझा काही संबंध नाही." तो बाहेर पत्रपेटीपाशी उभा राहिला. पण दार उघडं होतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

खिडकीमागे डिंफ्ना. जुनी मैत्रीण, कन्सेप्टाच्या दोन मुलांची धर्ममाता. तिनं कन्सेप्टाचा कोट पाहिला, चष्मा नाकावर सरकवला आणि सरकारी आवाज लावला. "नाव?"

रांगेत फिंटन होता, अट्रॅक्टा होती. कुणी हसलं नाही.

"कन्सेप्टा गेरटी टूही," कन्सेप्टा म्हणाली. माहेरचं नाव तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं असावं. "राहणार कुलनामोना."

"राहते, राहते," मागून फिंटन पुटपुटला. "मी रोज बघतो."

डिंफ्नानं नोटा मोजून ठेवल्या. कन्सेप्टानं सही केली, नोटा पर्समध्ये घातल्या आणि पर्स कटकन मिटली. बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. मॅलकीला ती दूध संघाच्या नाचात पहिल्यांदा दिसली होती तेव्हाही ते असेच होते.

"चहा घेऊ या का हॉटेलात?" तो म्हणाला. "पण माझं पाकीट घरी राहिलंय."

कन्सेप्टानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "थांब. आधी चौकशी. काही उत्पन्न?"

"पेन्शन. पण ती कपाटावर असते."

"मालमत्ता?"

"बिलं आहेत. सगळी माझ्या नावावर."

"मोजे कुठल्या खणात असतात?"

"अजून कळलं नाही."

"माझ्यावर अवलंबून आहेस?"

मॅलकीनं रस्त्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. हवेबद्दल बोलायची वेळ झाली होती. पण तो हवेबद्दल बोलला नाही. "आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"मोठ्यानं बोल. अट्रॅक्टा दाराशी आलीय, तिला ऐकू गेलं नाही."

"पूर्णपणे अवलंबून आहे!" निवृत्त हेडक्लार्क भर रस्त्यात ओरडला.

"मंजूर," कन्सेप्टा म्हणाली, आणि त्याचा टाय सरळ करून त्याला चहाला घेऊन गेली.